मदत हवी आहे: शहरामुळे पाऊसच वाढतो, की नुसतं पाणी तुंबतं?

तर्रीवाला

नमस्कार मंडळी. नागपुरात, नाग नदीपासून हाकेच्या अंतरावर राहतो. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे चार तासांत 100 मिमीच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, आणि आमचा फ्रिज हॉलमध्ये तरंगत होता. तेव्हापासून रात्री जोराची सर आली की झोप उडते. त्यातूनच गच्चीवर पर्जन्यमापक ठेवायचा नाद लागला.

मामेभाऊ हिंगण्याच्या पुढे शेती करतो, त्यालाही एक घेऊन दिला. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खातं नोंद घेतं त्याच वेळेला, आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर आकडे टाकतो. गेल्या पावसाळ्यात मोठ्या सरी बहुतेक वेळा माझ्याकडेच जास्त निघाल्या. टपरीवर सगळ्यांचं एकच, "सिमेंट रोडनं पाऊस ओढला." हे खरं असू शकतं का?

संत्राबर्फी

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. तुमचा फ्रिज तरंगला तो मुख्यतः जमिनीमुळे. एका चौरस किलोमीटरवर 100 मिमी पाऊस म्हणजे 10 कोटी लिटर पाणी. मातीत त्यातलं बरंच मुरतं, उरलेलं सावकाश वाहतं. सिमेंटवरून ते तासाभरात नाल्यावर येऊन धडकतं, आणि नाला तर आपण आधीच आवळलेला.

पाऊस वाढण्याचं म्हणाल तर शहर बाष्प तयार करत नाही, ते मुख्यतः समुद्रावरून येतं. पण दिवसभर तापलेलं सिमेंट रात्री उष्णता सोडतं, हवा वर चढते, भोवतालची आत ओढली जाते. त्यात उंच इमारती वाऱ्याला अडवतात, तोही वर ढकलला जातो. आधीच तयारीत असलेल्या ढगाला एवढा धक्का पुरतो. धुळीचं मात्र काही खरं नाही, कधी पाऊस वाढवते, कधी दाबते.

गंमत पुढे आहे. अमेरिकेत सेंट लुईसला 1971 ते 75 मध्ये 'मेट्रोमेक्स' नावाची मोठी मोजणी झाली. उन्हाळी पाऊस 5 ते 25 टक्के जास्त आढळला, पण तो शहराइतकाच, वारा शहर ओलांडून जिकडे जातो त्या बाजूलाही. आपल्याकडे पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून. म्हणजे हिंगणा शहराच्या आधी येतं. खरा तिसरा मापक शहराच्या पलीकडे, कामठीला हवा! बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचं क्षेत्र आलं की वारा फिरतो, म्हणून आकड्याशेजारी दिशाही लिहा.

नाल्याकाठचा

काहून एवढ्या लांब चाललात भाऊ? मापक गच्चीवर नेमका कुठे आहे ते सांगा आधी. कठड्याजवळ वारा वळतो, आकडा चुकतो. जमिनीवर, तोंड 30 सेंटीमीटर उंच, आणि भिंत किंवा झाड असेल तर त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. शिवाय एका पावसाळ्यावरून काही ठरत नाही बाप्पा. सरी तशाही तुकड्यातुकड्यानं पडतात. धरमपेठेत चिंब अन् सदरला कोरडं, हे होतंच राहते.

तर्रीवाला

दोघांचे आभार. पाहून आलो. मापक टाकीच्या भिंतीला टेकून आहे, आणि टाकी भरली की ओव्हरफ्लोचा पाइप बरोबर त्याच्यावर गळतो. मामेभावाला अजून सांगितलेलं नाही.

कामठीत कुणाकडे मोकळं अंगण आहे का? मापक मी देतो.