बाबांना आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, कानाचं असेल का?

उसाचा_रस:
बाबा ६४ चे, ३० वर्षं इचलकरंजीत यंत्रमागावर काढली. बहिरे म्हणावं तर गल्लीत टेम्पो शिरला की माझ्याआधी त्यांना कळतं, शेजारच्या काकांचं खर्जातलं बोलणं पण नीट समजतं, पण माझी सहा वर्षांची मुलगी बोलायला लागली की नुसतं हं हं. काल ती म्हणाली आजोबा सात वाजले, तर यांनी हात पुढे केला. वर आम्हालाच ऐकवतात, तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात बोलता. थर्मामीटर वाजून गप्प झाला तरी काखेत धरून बसलेले. वय झालं म्हणून सोडून द्यायचं का?

खडूस_काकू:
आमच्या सासऱ्यांचं सेम. आम्हाला वर्षभर वाटायचं मुद्दाम करतात 😅

कानसेन:
सोडू नका. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही पण लक्षणं वरच्या फ्रीक्वेन्सी, म्हणजे उंच सुरातले आवाज, ऐकू येणं गेल्याची वाटतात. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट म्हणून आवाज येतो, स श फ थ ही व्यंजनं बारीक नि वरची, ती गळाली की सात काय नि हात काय. कानातल्या शंखात उंच सूर टिपणाऱ्या केसपेशी अगदी दाराशी असतात, गोंगाटाचा आणि वयाचा पहिला मार त्यांनाच, आणि मेलेल्या परत येत नाहीत. आधी ईएनटीकडून मळ बघून घ्या, मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, २५० ते ८००० हर्ट्झ. मागावरच्या कामगारांच्या ग्राफमध्ये बऱ्याचदा ४००० च्या आसपास खड्डा दिसतो. आणि ओरडू नका, ओरडून स्वरच मोठे होतात. समोर बसून सावकाश बोला.

पथकवाला_पुणे:
सरावानंतर रात्रभर कानात चीं वाजतं, ते पण हेच का?

कानसेन:
सुरुवात असू शकते. इअरप्लग घाल बाबा, आणि टेस्ट कर. एका कानाचं अचानक गेलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, उद्यावर ढकलायचं नाही.

उसाचा_रस:
शनिवारची अपॉइंटमेंट घेतली. रात्री अंगणात सहज विचारलं, रातकिडे ऐकू येतात का हो, तर म्हणाले आता कुठे राहिलेत रातकिडे, औषधं मारून संपवले सगळे. बाहेर नुसतं किर्र चाललेलं.