ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीचे टायर कधी फिरवायचे?

चक्रधर: माझी ग्रँड विटारा ऑलग्रिप आहे, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी. पुणे-चिपळूण नेहमीचं, म्हणजे कुंभार्ली घाट ठरलेला. परवा डेप्थ गेज लावून बघितलं, तर मागे सात मिमी ट्रेड (टायरच्या खाचांची खोली) आणि पुढे साडेपाच. टायरवाला म्हणतो, चारही चाकं ओढतात तर झीज सारखीच होणार, रोटेशन, म्हणजे पुढचे-मागचे टायर आपसात बदलणं, कशाला? हे मला साफ अमान्य आहे. इंजिनाचं वजन पुढे, वळण पुढे, ब्रेकचा जोर पुढे, मग सारखी झीज होईल कशी? २१५/६० आर१७ टायरचा परीघ साधारण २१६७ मिमी. दीड मिमी झिजला की परीघ साडेनऊ मिमीने घटतो आणि पुढचं चाक किलोमीटरमागे दोन फेऱ्या जास्त घेतं. हा फरक पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या कपलिंगच्या बोकांडी बसतो. म्हणून माझं ठाम मत, अशा गाडीला दहा हजार किलोमीटरची वाट बघू नये, सात-आठ हजारालाच टायर फिरवावेत.

देशावरचा: गणित बरोबर, निष्कर्ष नाही. ऑलग्रिप ऑटो मोडमध्ये असते तेव्हा बहुतेक वेळ पुढचीच चाकं ओढतात, कपलिंगवर फारसा ताण नसतो. कोरड्या डांबरावर लॉक मोड (पुढची-मागची चाकं एकत्र जखडणारा) लावून फिरलात तरच गोष्ट वेगळी. आणि जून तोंडावर असताना झिजलेले टायर मागे टाकणार? ओल्या घाटात पुढचं चाक सुटलं तर ॲक्सिलरेटर सोडून गाडी सावरता येते. मागचं सुटलं की गाडी गर्रकन फिरते. चांगले टायर मागेच हवेत.

डेन्व्हरकर: इथे कोलोरॅडोत सुबारू गल्लोगल्ली दिसते. तिची ऑल-व्हील-ड्राइव्ह कायम चालू असते, त्यामुळे चारही टायरच्या परिघात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको असं कंपनीच सांगते. म्हणजे ट्रेडमध्ये जेमतेम एक मिमी. रोटेशन दर सहा हजार मैलांना. एकच टायर फाटला तर काही दुकानदार नवा टायर मशीनवर तासून उरलेल्या तिघांच्या मापाचा करून देतात. चांगला टायर तासताना बघून जीव तुटतो, पण चारही नवे घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

देशावरचा: सुबारूचा नियम सुबारूला. पाव इंचाची मर्यादा ऑलग्रिपला का लावायची?

पानापकड: किलोमीटर राहू द्या बाजूला, आधी टायरवर आतून हात फिरवा. आतली कड बाहेरच्यापेक्षा जास्त खाल्ली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, गेलंय. तसेच टायर मागे टाकले तर दोष लपतो आणि पुढे आलेले टायरही तसेच खराब होतात. म्हणून अलाइनमेंट आधी, रोटेशन नंतर. मागचे सरळ पुढे घ्या, पुढचे तिरके मागे टाका. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र बाजू बदलायची नाही, त्याच बाजूला पुढे-मागे करायचं. स्टेपनी छोटी असेल तर ती या फेऱ्यात घ्यायची नाही.

चक्रधर: कडा तपासल्या, झीज सगळीकडे एकसारखी आहे. @देशावरचा, चांगले टायर मागे हा नियम मलाही मान्य आहे. पण साडेपाच मिमी म्हणजे गुळगुळीत टायर नव्हे, पावसाचं पाणी कापायला एवढी खाच पुरते. पुढचे तीनवर आणि मागचे सहावर येईपर्यंत थांबलो, तर फिरवणं खरंच धोक्याचं होईल. मग शेवटी दोनच नवे टायर घ्यावे लागतील आणि जुन्या-नव्यातला फरक आणखी वाढेल. फरक एक मिमीच्या आत असतानाच फिरवले असते तर हा प्रश्नच आला नसता.

देशावरचा: लवकर फिरवायला माझी ना नाही. माझा आक्षेप आज, दीड मिमीचा फरक पडल्यावर, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर फिरवण्याला आहे. मी दसऱ्यापर्यंत थांबेन, तोवर लॉक मोडला हात लावणार नाही आणि दर महिन्याला गेज लावेन.

पानापकड: दसऱ्यापर्यंत हा फरक दोनच्या वर गेलेला असेल, घाटात पुढचे टायर झपाट्याने झिजतात. आत्ताच फिरवा. आणि फिरवल्यावर हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे पुढे-मागे नव्याने भरून घ्या, हे हमखास राहून जातं.