सतराव्या शतकातील मुंबईवरची कादंबरी: कागद इंग्रजांचे, गोष्ट माहीमच्या बाईची

खाडीकाठ (प्रश्न)

नमस्कार. १६६१ ते १६९० या काळातील मुंबईवर मी गेली दोन वर्षे कादंबरी लिहिते आहे. पोर्तुगालच्या राजकन्येच्या इंग्लंडच्या राजाशी झालेल्या विवाहाचा तह १६६१ मध्ये झाला, त्यानुसार १६६५ मध्ये इंग्रजांच्या वतीने हम्फ्री कुक याने बेटाचा ताबा घेतला, आणि १६६८ मध्ये राजाने वर्षाला दहा पौंड खंडावर हे बेट ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले, हा क्रम सर्वांना ठाऊक आहे. माझी नायिका मात्र यांपैकी कोणत्याच कागदात नाही. ती माहीमची भंडारीण आहे, तिचा नवरा माडांची ताडी काढतो आणि तिचे माहेर खाडीपलीकडे वांद्र्याला आहे.

पहिले प्रकरण मी कुकच्या ताबा घेण्याच्या प्रसंगापासून लिहिले. गोऱ्यांचा प्रत्येक हावभाव कागदपत्रांतून हाती लागत गेला, म्हणून त्यांची माणसे जिवंत झाली, आणि बेटावरची माणसे नुसती काठावर उभी राहून बघत राहिली. हे मला फार बोचते आहे. ज्यांनी काहीच लिहून ठेवले नाही, त्यांच्या बाजूने वसाहतीच्या आरंभाची गोष्ट सांगायची तर सुरुवात कुठून करावी? आणि या माणसांच्या तोंडी कोणती मराठी घालावी?

भरती-ओहोटी

आपली अडचण प्रसंगाच्या निवडीत आहे, असे मला वाटते. ताबा घेण्याचा विधी हा दोन सत्तांमधला विधी होता. डोना इग्नेझ दे मिरांडा या जमीनदारीणबाईंच्या वाड्यात कागद झाला, कुकने जमिनीवरून चालून दाखवले, माती आणि दगड हातात घेतले आणि बेट राजाचे झाले. आपल्या नायिकेच्या आयुष्यात त्या दिवशी काय बदलले? जमीनदार तोच, माड तेच, देणे तेच. १५३४ च्या तहाने हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला होता, म्हणजे तिच्या चार-पाच पिढ्या परक्या धन्याला देणे देतच आल्या होत्या. इंग्रजांच्या दृष्टीने जो आरंभ होता, तो तिच्या दृष्टीने फक्त धनीबदल होता, आणि हा फरक पहिल्या पानापासून जाणवला पाहिजे.

म्हणून ताब्याऐवजी जमिनीच्या भीतीपासून सुरुवात करा. नवे राज्य आल्यावर कोणाची जमीन कायदेशीर आणि कोणाची नाही, याची चौकशी सुरू झाली आणि सात-आठ वर्षे सगळे बेट त्या टांगणीवर राहिले. शेवटी गव्हर्नर जेराल्ड आँजिए याने १६७२ मध्ये जमीनधारकांशी करार केला आणि १६७४ मध्ये तो पक्का झाला: त्यांनी मिळून वर्षाला वीस हजार झेराफिन (पोर्तुगीज अमलातले नाणे) कंपनीला द्यायचे आणि कंपनीने त्यांच्या जमिनी मान्य करायच्या. ही रक्कम शेवटी कोणाच्या पाठीवर पडली, हा प्रश्न कादंबरीकाराचा आहे. जमीनदार आपल्या कुळांकडून जास्त मागणार, हे उघड आहे. संध्याकाळी नवरा माडावर चढला आहे, पोय (माडाचा फुलोरा) छेदून मडके बांधतो आहे, खाली जमीनदाराचा माणूस माड मोजत फिरतो आहे आणि ती मनातल्या मनात त्याच्याबरोबर मोजते आहे, असा एक प्रसंग कुकच्या संपूर्ण समारंभापेक्षा अधिक सांगून जाईल.

माहीम निवडले, हे फारच चांगले केलेत. माहीम मुंबईत मोडते की नाही यावरच पोर्तुगीज आणि इंग्रज भांडत होते, आणि कुकने ते बळाने घेतले. समोरचे वांद्रे मात्र पोर्तुगीजांकडेच राहिले. म्हणजे जी खाडी ती लहानपणापासून होडीतून ओलांडत आली, ती एकाएकी दोन राज्यांची सरहद्द झाली. आपल्या कादंबरीचा कणा मला इथे दिसतो.

जुनी लिपी

दोन गोष्टींबद्दल सावध करतो, कारण चांगल्या कादंबऱ्यांतही या चुका राहतात.

पहिली तारखांची. पोर्तुगीज नवी दिनदर्शिका वापरत होते आणि इंग्रज जुनी, त्यामुळे त्या काळी दोघांत दहा दिवसांचे अंतर पडे. शिवाय इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. कुकच्या ताब्याची पोर्तुगीज तारीख १८ फेब्रुवारी १६६५ आहे. इंग्रजांच्या हिशेबाने तोच दिवस ८ फेब्रुवारीचा, आणि वर्ष अजून १६६४ चेच. शिवरायांच्या राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही जुन्या दिनदर्शिकेतली आहे. कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या वेळी रायगडावर होता. त्या दिवसाची तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. आपल्या नायिकेला यांतली एकही इसवी तारीख माहीत असणार नाही. तिचा काळ तिथी, पाऊस आणि भरती यांनी मोजा. प्रसंग रात्रीचा असेल तर चंद्र तिथीप्रमाणे ठेवा.

दुसरी भाषेची. त्या बेटावरची मराठी शुद्ध असण्याचे काही कारण नाही. पगार, चावी, तुरुंग, पाद्री हे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले आहेत आणि सव्वाशे वर्षांच्या राज्यानंतर ते तिच्या तोंडी सहज बसतील. झेराफिन तर तिच्या रोजच्या काळजीचा शब्द. बोलीचा भार मात्र वाचकाला अडवेल इतका देऊ नका. वाक्याचा ठेका आणि कामाचे शब्द सांभाळले तरी पुरे होते. तिच्या स्वयंपाकघरात मिरची चालेल, पण चहा आणि बटाट्याचे कालवण मुळीच आणू नका.

मधला बांध

वरील दोन्ही प्रतिसाद मला पटले, तरी एक आक्षेप नोंदवतो. बेटावरच्या माणसांना न्याय देताना परकी माणसे लाकडी होऊ देऊ नका. मुंबईचा ताबा घ्यायला इंग्लंडच्या राजाने पाठवलेल्या अब्राहम शिपमनबरोबर सुमारे चारशे सैनिक १६६२ मध्ये आले. पोर्तुगीजांनी ताबा दिला नाही, म्हणून ते कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन राहिले. तिथे रोगराईने माणसे पटापट मेली, १६६४ मध्ये शिपमनही गेला, आणि कुकबरोबर मुंबईत पोहोचले ते जेमतेम शंभर. मुंबईतही माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, असे इंग्रज म्हणू लागले होते. माडांना घातलेल्या मासळीच्या खताच्या दुर्गंधीने ताप येतो, अशी त्यांची समजूत होती. जो वास आपल्या नायिकेला भरल्या घराचा वाटतो, त्याच वासाने समोरचा कोवळा शिपाई घाबरून जातो. हे दोघे त्या वासात एकदा समोरासमोर यायला हवेत.

आणि तिला भविष्य दिसू देऊ नका. हे लोक पुढे सगळा देश घेणार, असे १६७० मध्ये कोणालाही वाटणे शक्य नव्हते. तांदूळ आणि जळण बाहेरून आणावे लागे आणि त्या होड्यांवर ठाण्याला आणि करंजाला पोर्तुगीज जकात घेत. इतके ते राज्य परस्वाधीन होते. सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबईच्या आसऱ्याला येई, आणि त्याच सिद्दीने १६८९ मध्ये बेटावर उतरून माहीमसह बराचसा भाग घेतला. इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले आणि १६९० मध्ये बादशहाकडे माफी मागून सुटले. किल्ल्याच्या आतली हकीकत इंग्रजांनी लिहून ठेवली आहे. किल्ल्याबाहेर राहिलेल्या माहीमकरांचे ते दीड वर्ष लिहिणे, हे आपले काम आहे.

खाडीकाठ

आपल्या तिघांचेही मनापासून आभार. पहिले प्रकरण मी बाजूला ठेवले आहे. आता सुरुवात ओहोटीच्या वेळी होईल: पावसाळा तोंडावर आला आहे, ती वांद्र्याहून तांदळाची गोणी घेऊन परतते आहे, होडी चिखलात टेकली आहे, आणि नेहमीच्या धक्क्यावर पहिल्यांदाच कोणीतरी तिला विचारते की तू कुठल्या बाजूची. कुकचे नाव तिच्या कानावर पडेल ते तिसऱ्या प्रकरणात, आणि तेही चुकीच्या उच्चारात. वेढ्याच्या दीड वर्षासाठी मी निम्मी कादंबरी राखून ठेवते आहे. लिहून झाले की माड मोजण्याचा प्रसंग इथे वाचायला देईन. ताडीच्या कामात माझे काही चुकले असेल तर तेव्हा नि:संकोचपणे सांगावे.