तिसरा भाग भरतीचा? मुळीच नाही

'द लास्ट ऑफ अस' या गेमवर बेतलेल्या मालिकेच्या पहिल्या सीझनचा तिसरा भाग म्हणजे नुसती भरती, कथा पुढे सरकतच नाही, हे काही पटलं नाही बुवा. (गेम न खेळलेल्यांनी इथेच थांबा.) हा भाग बिल आणि फ्रँक या जोडप्याचा. २०१३च्या गेममध्ये फ्रँक जिवंत भेटतच नाही. गळफास घेतलेला सापडतो, आणि चिठ्ठीत बिलबद्दल निव्वळ तिरस्कार. मालिकेनं त्याच दोघांचा सोळा वर्षांचा संसार रंगवला. फ्रँक बंदूक देऊन बिया मिळवतो, गुपचूप स्ट्रॉबेरी लावतो. पहिली तोंडात टाकल्यावर बिल झालेला निक ऑफरमन असा काही खिदळतो की बस! एमी पुरस्कार उगाच नाही मिळाला.

बुरशीची लागण होऊन हिंस्र झालेली माणसं, म्हणजे संक्रमित, फारच कमी दिसतात, ही तक्रार मात्र रास्त. पहिल्या सीझनमध्ये लागण पसरवणारे हवेतले बीजाणूही काढून टाकले, त्यामुळे गेममधली ती मास्क लावून दबकत चालण्याची भीती गेली. तरी हातात कंट्रोलर नसताना तासभर नुसती मारामारी कोण बघणार?

खरी चूक मला त्या सीझनच्या शेवटच्या भागात वाटली. एली या मुलीला वाचवायला नायक जोएल हॉस्पिटलात जे हत्याकांड करतो ते गेममध्ये आपल्याच बोटांनी करावं लागतं. नको वाटलं तरी बटण दाबायचं. इथे संथ संगीतावर सगळं झरझर उरकलं. जोएल झालेला पेद्रो पास्कल कितीही चांगला असला तरी तो अपराध त्याचाच राहतो, आपल्या अंगाला लागत नाही.