प्रति: सबसिडी दिली की झालं?
छोट्या कारखान्यांना ईटीपीसाठी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेसाठी, सबसिडी द्या आणि शुद्ध झालेलं पाणी ठिबकवर शेतकऱ्याला द्या, असं या चर्चेत कुणीतरी सुचवलंय. सबसिडीचं पटलं. पण यंत्र बसवणं वेगळं आणि ते रोज नीट चालवणं वेगळं. साकीनाक्याला एका प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवायच्या) गाळ्यात मी काही वर्षं काम केलंय. क्रोमचं पिवळं पाणी आधी अ‍ॅसिड घालून पीएच 2-3 वर आणायचं, मग त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचं. पिवळेपणा जाऊन हिरवट झालं की चुना घालून पीएच 8-9 पर्यंत न्यायचा, तेव्हा कुठे क्रोमियम गाळ होऊन तळाला बसतं. मधली पायरी वगळून घाईत चुना ओतला, तर विषारी क्रोमियम पाण्यातच राहतं. आणि हे काम कुणाकडे? रात्रपाळीच्या हेल्परकडे, कारण शेठच्या लेखी ईटीपी म्हणजे नुसता खर्च.

ठिबकची दुसरी अडचण कुणीच मांडली नाही. जैविक प्रक्रियेने बीओडी-सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) उतरतो, विरघळलेले क्षार मात्र तसेच राहतात. जास्त सोडियमचं पाणी काळ्या जमिनीला देत राहिलात तर ती चोपण होते, पाणी मुरत नाही, मग बसा जिप्सम टाकत. क्षार काढायचे तर आरओ लावा, त्यातून उरलेलं खारं पाणी आटवायचा खर्च आणखी वेगळा. एवढं करून हाती आलेलं पाणी कुठला शेठ शेतात सोडेल? तो ते स्वतःच्याच बॉयलरला वापरणार.