वय ७१, इम्युनोथेरपी चालेल का?

धरमपेठकर: बाबांना फुफ्फुसाचा कॅन्सर, डॉक्टर इम्युनोथेरपी म्हणतात (शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशींना कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) पण मावशी म्हणते म्हाताऱ्या पेशी, औषध जागं कोणाला करणार?

लॅबवाली: मावशी अर्धी बरोबर आहे 😄 टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, जिथे तयार होतात ती थायमस ग्रंथी तरुणपणापासूनच आकसत जाते, मग नव्या पेशी कमी अन् जुन्याच किल्ला लढवतात, काही तर विभागणं सोडून नुसती सूज वाढवत बसतात. पण हे औषध पेशींना तरुण करत नाही, त्यांच्यावरचा पीडी-१ नावाचा ब्रेक काढतं. ब्रेकच्या ह्या शोधालाच २०१८ चं नोबेल. सत्तरीतल्यांनाही फायदा होतो.

संत्राबर्फी: आईला ७४ व्या वर्षी दिलं भाऊ. ह्या औषधाने जुलाब लागले तर लगेच डॉक्टरांना सांगा, आम्ही तर्री-पोह्यांवर ढकलून २ दिवस घालवले.

धरमपेठकर: पीडी-एल१ (तो ब्रेक दाबणारं गाठीवरचं प्रथिन) टेस्ट दिलीय, रिपोर्ट सोमवारी.