हँडबॉलचं प्रमाणपत्र नेमकं कोणत्या संघटनेचं धरतात?

गोलकीपरची आई:
नमस्कार. माझी मुलगी अकरावीत आहे, सातवीपासून हँडबॉल खेळते, गोलकीपर आहे. परवा तिची प्रमाणपत्रं फाइलला लावताना दोन वेगळ्या संघटनांची निघाली, दोन्हींवर ‘राष्ट्रीय’ लिहिलेलं. त्यातल्या एका स्पर्धेला तिकिटाचे, किटचे पैसे आम्हीच भरले होते. आता एके ठिकाणी म्हणाले, हे धरत नाही. ६ मीटरच्या रेषेवरून उडी मारून फेकलेला चेंडू ती अंगावर घेते. मांडीवरचे काळेनिळे डाग मी शेकलेत. ‘धरत नाही’ ऐकून रात्रभर झोप लागली नाही. नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाला कोणतं चालेल?

पीटीचे सर:
ताई, आधी मुलीला सांगा, तिची मेहनत कुठे गेलेली नाही. राष्ट्रीय फेडरेशन १९७२ मध्ये झालं. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये हँडबॉल पहिल्यांदा आला, तेव्हापासून मी या खेळात आहे. पुढे हँडबॉल फेडरेशन ऑफ इंडिया आणि हँडबॉल असोसिएशन इंडिया अशी दोन नावं झाली, भांडण कोर्टात गेलं. त्यात पोरं भरडली गेली, याचा मला फार राग आहे. याच काळात, २०२२ मध्ये, आपल्या ज्युनिअर मुलींनी अल्माटीत थायलंडला हरवून आशियाई विजेतेपद आणलं!

आता कामाचं. आंतरराष्ट्रीय महासंघ एका देशाची एकच संघटना सदस्य म्हणून घेतो. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची मान्यता वेगळी, आणि ती वर्षावर्षाला नव्याने मिळते. म्हणून आज कोण मान्य आहे, यावर अडू नका. स्पर्धेच्या तारखेला कोण मान्य होतं, ते काढा. शालेय स्पर्धांची वाट निराळी आहे: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, सगळं क्रीडा खात्यामार्फत. ती प्रमाणपत्रं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. कोणत्या पदाला कोणत्या पातळीचं पदक लागतं, ते शासन निर्णयात आहे. पडताळणी विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयात होते.

लेफ्ट बॅक:
सरांना एक जोड. नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. संघाची यादी, प्रवेशिका, सामन्यांचे निकाल, सगळ्याच्या प्रती आत्ताच मागून ठेवा. माझ्या वेळी चार वर्षांनी मागायला गेले, तर तेव्हाचे सचिव बदललेले आणि कागद कुणाकडेच नाहीत. पुढच्या स्पर्धेला पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना परिपत्रक दाखवून विचारा.

गोलकीपरची आई:
सर, ताई, दोघांचे मनापासून आभार. आत्ताच फाइल पुन्हा उघडली. तिची विभागाची दोन आणि राज्याचं एक, तिन्ही शालेय स्पर्धांची आहेत. ज्याच्यावर अडलंय, त्याची तारीख लिहून घेतली. सोमवारी रजा टाकून क्रीडा कार्यालयात जाते. संघाच्या यादीसाठी तिच्या कोचना आजच फोन करते.